ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी खातं रिकामं

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे माझ्या मावशीला पाठ होतं. तिने तो शेवटपर्यंत सांगितला नाही. तरी साडेबासष्ट हजार गेले.

नातवाच्या मुंजीचं सोवळं पुण्याहून कुरिअरने निघालं आणि वडोदऱ्यात येऊन अडकलं. मुंज रविवारी. ऑफिसात फोन कुणी उचलेना, म्हणून मावशीने कंपनीच्या फेसबुकवरच्या पोस्टखालीच गाऱ्हाणं मांडलं. पावतीचा नंबर, स्वतःचा मोबाइल, दांडिया बाजारचा पत्ता, रविवारचा कार्यक्रम, सगळं. अशा पोस्टखाली ठग दबा धरून बसलेले असतात. थोड्याच वेळात हिंदीत फोन आला, "आंटीजी, संडे को फंक्शन है ना? टेन्शन मत लीजिए." पावतीचा नंबरही त्याने घडाघडा म्हटला. मावशीला वाटलं, कंपनीचाच माणूस, नाहीतर एवढं त्याला कसं कळणार? खरं तर तिने लिहिलं नव्हतं असं एक अक्षरही तो बोलला नव्हता.

मग व्हॉट्सअॅपवर फाइल आली. नावात 'ट्रॅकिंग' आणि शेवटी 'एपीके'. हा कागद किंवा फोटो नसतो, अख्खं अॅप असतं. फोनने इशारा दिला, पण "वो तो सबको आता है" म्हणत त्याने तो पुढे ढकलायला लावला. अॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही मिळाली. पत्ता दुरुस्तीचे फक्त पाच रुपये भरायचे, म्हणून समोरच्या फॉर्मवर मावशीने डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. आता ओटीपी विचारायची त्याला गरजच नव्हती. तो मावशीच्या फोनवर येत होता आणि ते अॅप तो तिकडे पोचवत होतं. आधी अडतीस हजार, मग साडेचोवीस.

मावशी पासबुक घेऊन बँकेकडे निघाली होती. मावसभावाने तिला थांबवून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तोच क्रम बरोबर. पैसे पुढच्या खात्यांत फिरत असतात, तेवढ्यात अडवले तर अडतात. दुसरी रक्कम अशीच गोठली. ती परत मिळू शकते. पहिली एटीएममधून निघून गेली होती. बँक म्हणते, कार्डाचा तपशील तुम्हीच भरलात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून १९३० पाठोपाठ बँकेलाही लगेच कळवून तक्रार क्रमांक घ्यायचा. असं अॅप शिरलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, कार्ड दुसऱ्या फोनवरून ब्लॉक करा. आयकॉन दिसला नाही तरी सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीत ते सापडतं, तिथून काढून टाका.

कंपनीशी बोलायचंच असेल तर नंबर पावतीवरचा घ्यावा. गुगलवर शोधलेला घेऊ नये, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. पोस्टखाली तर मोबाइल लिहूच नये.

भावाने हा प्रकार फेसबुकवर टाकला, तर खाली लगेच दोघे हजर: "मेरा भी पैसा गया था, इस भाई ने वापस दिलाया", सोबत इन्स्टाग्रामचं खातं. तो 'भाई' आधी फी मागतो. भावाने दोघांनाही ब्लॉक केलं.