चुनखडकाचे पातळकाप : संच घ्यावा का?

उथळ समुद्रातली चुन्याची वाळू दगड कशी बनते, हे सहा काचपट्ट्यांचा हा संच दाखवतो; प्रत्येक पट्टीवर प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला खडकाचा काप (पातळकाप) चिकटवलेला असतो. बहामाच्या ऊइड वाळूची (चुन्याच्या बारीक गोल कणांची) पट्टी एकटीच पैसे वसूल करते. २ मिमीहून लहान गोल कणांभोवती अ‍ॅरागोनाइट या चुनखनिजाच्या सुयांची सगळीकडून सारख्या जाडीची झालर आहे, म्हणजे पोकळ्या समुद्राच्या पाण्याने पूर्ण भरलेल्या होत्या. किनाराखडकाच्या (किनाऱ्यावरच घट्ट झालेल्या वाळूच्या) पट्टीत मात्र सिमेंट, म्हणजे कणांना जोडणारं खनिज, कण एकमेकांना टेकतात तिथेच साचलंय, कारण ओहोटीला पाणी तेवढ्याच कोपऱ्यांत अडकून राहतं. हा फरक इतका स्वच्छ क्वचितच बघायला मिळतो!

खोट एका पट्टीत आहे. जाडी ०.०३ मिमीपेक्षा जास्त राहिल्याने सुया एकमेकींवर चढून नुसता तपकिरी धूसरपणा दिसतो. पोकळ्या उठून दिसाव्यात म्हणून निळं रेझिन भरताना हवा नीट न काढल्याने बुडबुडेही राहिलेत. नवख्याला हे बुडबुडे म्हणजे खडकातल्या पोकळ्याच वाटतील. बुडबुड्याची कड जाड, काळी आणि तंतोतंत गोल असते, त्यावरून ओळखा.

खनिजं ओळखायला रंगचाचणी करायची तर झाकणकाच नसलेला संच मागवा. १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलीत ०.२ ग्रॅम अ‍ॅलिझरिन रेड एस हा रंग घालून त्यात पट्टी साधारण ३० सेकंद बुडवा. कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट ही खनिजं दोन्ही लाल होतात, डोलोमाइट हे खनिज कोरं राहतं. पहिल्या दोघांना वेगळं करायला फायगलचं द्रावण लागेल, त्यात अ‍ॅरागोनाइट काळा पडतो.