महापौरपद आमच्याकडे आणि मालकी दुसऱ्याकडे: माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर झालेली फसवणूक

ठोकळे रचून जग उभारण्याच्या ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळात आम्ही सांगलीकर मित्रांनी एक नगर वसवले होते. कृष्णेसारखी नदी, तिच्या काठी गणपती मंदिर, आणि नदीवर अँडेसाइटचे ठोकळे रचून उभारलेला आयर्विन पूल, ज्याच्या पलीकडे सांगलवाडी. सर्वांना एकत्र खेळता यावे म्हणून हे जग ज्या संगणकावर चालते तो सर्व्हर भाड्याचा होता. त्यावर ‘टाउनी’ हे प्लगइन, म्हणजे खेळाला जोडायचा जादा प्रोग्राम, बसवलेले असल्यामुळे 16×16 ठोकळ्यांचे एकेक क्षेत्र नगराच्या नावे करता येई, रहिवाशांकडून कर घेता येई आणि नगराच्या बँकेतून रोजचा देखभाल खर्च वळता होई.

तेथे एक खेळाडू आला. स्वतःला मिरजेचा म्हणवणारा हा गृहस्थ अस्खलित मराठी लिहीत असे आणि काम तर इतके मन लावून करी की पुलाच्या अर्ध्या कमानी त्यानेच बांधल्या. म्हणूनच ‘मुंबईतला सर्व्हर घेऊ, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा वेळ) कमी होईल, वर्षाचे भाडे एकदम भरले तर स्वस्त पडेल’ हा त्याचा प्रस्ताव कोणालाच खटकला नाही. प्रत्येकाने त्याच्या यूपीआयवर 600 रुपये पाठवले आणि नगराचे संपूर्ण वर्ल्ड फोल्डर, म्हणजे ते जग ज्यांत साठवलेले असते त्या फाइली, त्याला दिले.

यापुढची त्याची चलाखी नीट पाहण्यासारखी आहे. नव्या सर्व्हरवर त्याने महापौरपद आमच्याकडेच ठेवले, आम्हा सर्वांना ऑपरेटरचे, म्हणजे सर्व्हरला आज्ञा देण्याचे, अधिकार दिले, आणि स्वतः केवळ साहाय्यक राहिला. या नम्रतेचे आम्हाला मोठे कौतुक वाटले. परंतु होस्टिंगचे, म्हणजे सर्व्हर भाड्याने घेतल्याचे, खाते त्याच्या ईमेलवर होते, आणि ज्याच्या हाती होस्टिंगचे पॅनेल, म्हणजे सर्व्हरच्या नियंत्रणाचे पान, असते, तो कन्सोलवरून एका आज्ञेत कोणाचेही ऑपरेटरपद काढू शकतो, महापौर बदलू शकतो, सगळ्या फाइली उतरवून घेऊन सर्व्हर बंदही करू शकतो. ‘डिस्कॉर्ड’ या गप्पांच्या अ‍ॅपवरील आमच्या गटाची मालकीही ‘बॉट बसवायचा आहे’ या सबबीखाली त्याने आधीच आपल्याकडे घेतली होती. एका रात्री आम्ही सर्व जण दोन्हीकडून बाहेर फेकले गेलो.

होस्टिंग कंपनीने खातेदार तो असल्याचे सांगून हात वर केले, आणि तिच्या बाजूने पाहता ते बरोबरच होते. पैशांबद्दल आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली; तेथे व्यवहार क्रमांक विचारतात, त्यामुळे यूपीआयच्या पावत्या पुसून टाकू नयेत. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. स्थलांतरापूर्वीची वर्ल्ड फोल्डरची एक प्रत एका मित्राच्या लॅपटॉपवर सापडली, तिच्यावरून नगर पुन्हा सुरू झाले आहे. खाते आता आमच्यातील एकाच्या नावावर असून प्रत दर आठवड्याला दोन ठिकाणी उतरवली जाते.

तो मात्र थांबलेला नाही. आमचेच नगर दुसऱ्या नावाने दाखवून तो तेथील जागा आणि ‘हल्ल्यापासून संरक्षण’ रुपयांत विकतो आहे. वास्तविक खऱ्या पैशांच्या मोबदल्यात खेळात वरचढ ठरवणाऱ्या गोष्टी देण्यास खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीच्या नियमांत मनाई आहे. नदीवरच्या पुलाची छायाचित्रे दाखवून कोणी आपल्याला जागा देऊ केली, तर पैसे पाठवण्यापूर्वी सांगलवाडीच्या बाजूची शेवटची कमान खालून पाहण्यास मागावी. तेथे लावलेल्या पाटीवर पूल बांधणाऱ्या आम्हा सर्वांची खेळातील नावे आहेत. ती पाटी त्याने काढली असेल, तरी मागच्या भिंतीत लाल विटांनी लिहिलेले ‘सांगली’ बहुधा शाबूत असेल.