बिडाच्या जुन्या तव्यासाठी जवसाचे तेल: चकाकी भरपूर, टिकाऊपणा कमी

बिडाचा गंजलेला तवा पुन्हा वापरात आणायचा म्हटले की हल्ली बहुतेक ठिकाणी जवसाचे तेल लावण्याचा सल्ला मिळतो. तो पारखून पाहण्यासाठी मी लाकडी घाण्याचे जवसाचे आणि करडईचे अशी दोन्ही तेले आणली आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या, जवळजवळ सारख्याच मापाच्या दोन घावन-तव्यांवर ती स्वतंत्रपणे लावली. हे दोन्ही तवे तेव्हापासून रोजच्या वापरात आहेत.

कोणतेही तेल लावण्याआधी तवा धड आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. तवा कडेला धरून लाकडी उलथन्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर तो घ्यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा गेलेला असण्याची शक्यता असते आणि तशा तव्यावर मेहनत करण्यात अर्थ नसतो. जुन्या तेलाचे किट्ट कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सुटते. हे काम हातमोजे घालूनच करावे आणि त्यासाठी अॅल्युमिनियमचे भांडे मुळीच घेऊ नये. गंज काढण्यासाठी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा अर्धा तास बुडवावा आणि मग तारेच्या घासणीने घासावा. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास आम्ल गंजाबरोबर चांगले लोखंडही खाऊ लागते. किट्ट जाळण्यासाठी तवा भट्टीत किंवा शेकोटीत टाकण्याची पद्धत मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण बीड ठिसूळ असते आणि असमान उष्णतेने ते वाकडे होते किंवा तडकते. उघडे पडलेले बीड धुतल्यावर ताबडतोब आचेवर कोरडे करावे लागते. पावसाळ्यात तर काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक दिसू लागते.

आता मूळ विषयाकडे येतो. तव्यावर जो काळा थर बसतो तो तेलाचाच असतो, परंतु ते तेल द्रवरूपात उरलेले नसते. उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचे कठीण आवरण बनते. हे गुंफणे तेलातील असंतृप्त स्निग्धाम्लांवर अवलंबून असते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, म्हणून ते फार लवकर आणि फार कडक वाळते. रंगकामात ते शतकानुशतके वापरले गेले ते याच गुणामुळे. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात साधारण पाऊण भाग लिनोलेइक आम्ल असते, त्यामुळे तेही वाळते, पण थोडे सावकाश. शेंगदाण्याचे तेल या बाबतीत त्यांच्या मागे आहे, आणि खोबरेल तेल बहुतांशी संतृप्त असल्यामुळे त्याचा थर जवळजवळ बनतच नाही.

लावण्याची पद्धत मी दोन्ही तेलांसाठी एकच ठेवली. तवा हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवला, चमचाभर तेल आतून, बाहेरून आणि मुठीलाही चोळले आणि मग कोरड्या सुती फडक्याने ते इतके पुसून काढले की तव्यावर तेल आहे अशी शंकाही येऊ नये. या पुसण्यावरच सगळे अवलंबून आहे. तेल जास्त राहिले की त्याचे चिकट ओघळ तयार होतात आणि ते नंतर खरवडूनच काढावे लागतात. त्यानंतर तवा ओव्हनमध्ये पालथा घालून 230 अंश सेल्सिअसला तासभर ठेवला आणि आतच थंड होऊ दिला. हेच चार वेळा केले. ओव्हन नसेल तर गॅसवरही जमते, मात्र आच मधे जास्त आणि कडेला कमी लागत असल्याने थर एकसारखा बसत नाही.

पहिल्या दिवशी जवसाचा तवा पाहून मन प्रसन्न झाले, हे मान्य केले पाहिजे. गर्द काळा रंग, काचेसारखी चकाकी, वाळूच्या साच्यातून आलेले बारीक खडबडीत दाणेसुद्धा झाकले गेलेले. करडईचा तवा त्याच्या शेजारी तपकिरी, मंद आणि काहीसा डागाळ दिसत होता. तापवताना जवसाच्या तेलाला मासळी आणि रंगाचा मिळून येतो तसा उग्र वास येतो, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. करडईचा धूर त्यामानाने पुष्कळ सुसह्य आहे.

वापर सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. मोठ्या आचेवर घावने आणि धिरडी होऊ लागली तशी जवसाच्या तव्याच्या मुठीजवळ एक बारीक रेघ उमटली आणि तिथे नख लावताच थराचा पापुद्रा सुटून आला, खाली करडे बीड उघडे. पुढे असे पापुद्रे कडेने आणखी सुटले आणि एक-दोन तर घावनालाच चिकटून आले. माझ्या मते कारण सरळ आहे: हा थर कडक असतो पण लवचिक नसतो, आणि तापून-निवून सतत प्रसरण-आकुंचन पावणाऱ्या बिडाला तो साथ देऊ शकत नाही. करडईचा थर उलट वापरागणिक काळा होत गेला. आमटीचा आंबट थेंब पडला की तेवढी जागा फिकी पडते, पण अर्धा कांदा तेलात बुडवून गरम तव्यावर फिरवला की ती पुन्हा भरून येते. रोजच्या स्वयंपाकाच्या तव्यासाठी मी करडईचेच तेल सुचवेन; जवसाचे तेल भिंतीवर शोभेला टांगायच्या किंवा क्वचित वापरायच्या भांड्यासाठी ठीक आहे.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. करडईच्या नावाखाली मिश्र तेलेही विकली जातात, म्हणून बाटलीवरचे घटक वाचावेत. जवसाचे तेल रंगाच्या दुकानातले, ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेले कदापि घेऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते खाण्याच्या भांड्यासाठी नसते. जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवून टाकावीत. घाण्याचे जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून लहान बाटली घेऊन फ्रिजमध्ये ठेवावी, आणि तव्यासाठी वापरून उरलेले तेल पोळपाट, लाटणे आणि काठवटीला पातळ चोळून चांगले वाळू द्यावे, कारण लाकडावर ते बिडापेक्षा कितीतरी चांगले बसते.