वेंगुर्ल्यातलं भाड्याने पुस्तकं देणारं दुकान आणि तिथलं खालचं कपाट

बरेच दिवस लिहायचं होतं, आज कारखाना बंद आहे म्हणून बसले. वेंगुर्ल्याच्या बाजारात एक स्टेशनरीचं दुकान आहे, पुढे वह्या, पेनं, राख्या, गणपतीच्या दिवसांत मखराचं सामान आणि आत पडद्यामागे भाड्याने पुस्तकं. नाव मी मुद्दाम देत नाहीये कारण तिथे येणाऱ्या काही बायकांना कुणी शोधत येऊ नये असं मला वाटतं. अनामत २०० रुपये, महिना ५० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं, दिवाळी अंकांचे वेगळे पैसे नाहीत.

पुस्तकं तशी सगळीच आहेत, रहस्यकथा, ऐतिहासिक, मुलांची, पण मला सांगायचंय ते खालच्या कपाटाबद्दल. त्यात मारणाऱ्या, छळणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेल्या बायकांच्या कादंबऱ्या आणि कथा आहेत, थोड्या अनुवादित, बाकी मराठी. कपाटावर पाटी नाही. दुकान चालवणाऱ्या काकींनी सगळ्या पुस्तकांना कालनिर्णयच्या जुन्या पानांची कव्हरं घातलीत, तारखांची बाजू वर, पाठीवर फक्त नंबर, त्यामुळे पिशवीतून पुस्तक बाहेर पडलं तरी सासूला काय कळणार की आत काय आहे!

मी पहिल्यांदा गेले तेव्हा लेकीला घेऊन माहेरी येऊन सहा महिने झाले होते आणि काजू सोलायला जायला लागले होते. ज्यांनी ते काम केलंय त्यांना माहितीये, टरफलाचं तेल लागून बोटं काळी पडतात, साल निघते, राख लावून बसलं तरी थोडं लागतंच. लेकीला रंगाची पेटी हवी होती म्हणून गेलेले, आतली पुस्तकं दिसली पण हात लावायची लाज वाटत होती, डाग पडले तर. काकी म्हणाल्या, "झोप लागणा नाय काय गो?" मी काहीच बोलले नव्हते हं, पण डोळ्यांवरून कळलं असेल. मग त्यांनी खाली वाकून दोन पुस्तकं काढली, एक माझ्या हातात दिलं आणि दुसरं परत ठेवलं. "आधी ह्यां वाच, ता मगे व्हर."

ते दुसरं नंतर ने असं का म्हणाल्या ते मला पुढे कळलं, त्या पुस्तकात पहिली साठ पानं नुसती मारहाण होती. आणि अजून एक, ज्या पानावर मारहाण सुरू होते त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात काकी पेन्सिलने बारीक टिंब काढतात आणि जिथे संपते तिथे दुसरं. मला आधी वाटलं कुणा पोराने काढलीयत. तिसऱ्या पुस्तकात पण तसंच दिसलं तेव्हा विचारलं तर म्हणाल्या ज्यांना नको असेल त्यांनी टिंब ते टिंब सोडून द्यावं, गोष्ट कळायला काही अडत नाही. खरंच अडत नाही. मी दोन वर्षं सोडूनच वाचत होते.

आता पुस्तकांबद्दल, कारण दुकान चांगलं म्हणजे शेवटी पुस्तकं चांगली असायला हवीत ना. अशा कादंबऱ्यांत मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर बाई घराबाहेर पडते, पाऊस असतो, एसटी सुटते आणि गोष्ट संपते. अहो तिथून तर सुरू होते! रेशन कार्डावर नाव अजून तिकडेच, मुलीचा शाळेचा दाखला तिकडेच, बँकेच्या पासबुकावर पत्ता तिकडचा, वहिनी दोन महिने गोड बोलते आणि मग एक दिवस गॅस सिलिंडर किती दिवस गेला ते मोजायला लागते. आणि रात्री गेटची कडी वाजली की पोटात गोळा येतो, शेजारच्यांचा कुत्रा असला तरी. हे ज्याने लिहिलंय त्याचं पुस्तक मी दोनदा नेते. दुसरा राग म्हणजे शेवटी एक चांगला पुरुष येतो, डॉक्टर नाहीतर शिक्षक, आणि सगळं ठीक होतं. असं होत नाही असं नाही, माझ्या मावसबहिणीचं झालं, पण तिचा दुसरा नवरा यायच्या आधी चार वर्षं ती शिलाई मशीनवर बसत होती, त्या चार वर्षांबद्दल लिहा की.

त्या कपाटात विभावरी शिरूरकरांची हिंदोळ्यावर आहे, १९३४ ची. एवढी जुनी भाषा जमेल का वाटलं होतं पण जमली. हिंदू विवाह कायदाच मुळी १९५५ चा, म्हणजे त्याच्या वीस-एक वर्षं आधी एका बाईने नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला दुसरं प्रेम असू शकतं हे लिहून ठेवलं, आणि तेसुद्धा टोपणनावाने, खरं नाव बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. कव्हर घालून वाचणारी मी आणि नाव झाकून लिहिणारी ती, हे मनात येऊन मी बराच वेळ तशीच बसले होते. कविता महाजनांची ब्र पण आहे, २००५ ची, त्यातली प्रफुल्ला घर सोडून थांबत नाही, आदिवासी भागातल्या बाई सरपंचांना भेटत फिरते, तिचं स्वतःचं दुःख त्या बायकांमध्ये मिसळत जातं, ते मला फार आवडलं. ही जाड आहे, घाई करू नका.

काही गोष्टींत कायदा चुकीचा असतो आणि ते धोक्याचं आहे. दिवाळी अंकातल्या एका कथेत बाई म्हणते घर सासऱ्याच्या नावावर आहे, मला राहायचा हक्क नाही, आणि लेखकही तसंच धरून चालतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू, त्याच्या १७ व्या कलमात राहत्या घरात राहायचा हक्क दिलाय, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलंय. बायकांना सरकारकडून वकीलही फुकट मिळतो. हे मला आधी माहीत असतं तर निदान भांडून निघाले असते. काकींना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतली आणि त्या अंकात चिकटवली. आता त्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हाताने लिहिलेले मदतीचे दोन फोन नंबर आहेत, १८१ महिला हेल्पलाइनचा आणि ११२ पोलिसांना बोलवायचा.

अजून एक गोष्ट जी दुसरीकडे मिळाली नाही. आधी मी एका मोठ्या वाचनालयात गेलेले (नाव नको), तिथे फॉर्मवर नवऱ्याचं नाव आणि सही मागितली, मी फॉर्म तिथेच ठेवून आले. काकींच्या वहीत फक्त नंबर आणि आपण सांगू ते नाव. पैसे रोख. पुस्तक उशिरा झालं तर फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, कारण फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. पुस्तक घरी ठेवता येत नसेल तर दुकानातच मागच्या बाकावर बसून वाचू देतात, एक मुलगी रोज क्लासच्या नावाखाली अर्धा तास येते.

तक्रारी आहेत. जून ते सप्टेंबर पुस्तकांना बुरशीचा वास येतो, डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला घालतात पण कोकणातला पाऊस, काय करणार. खालच्या कपाटाजवळ उजेड कमी आहे, गुडघे दुखणाऱ्यांना तिथे बसणं कठीण, एक स्टूल ठेवा हे मी चारदा सांगितलंय. एका कादंबरीची शेवटची आठ पानं नाहीत, नंबर ११७, नेण्याआधी बघा, मी रात्री एक वाजता तिथे पोचले आणि रडायलाच आलं. नवीन पुस्तकं वर्षातून एकदाच येतात, दिवाळीनंतर. दुपारी एक ते चार बंद. गुरुवारी पूर्ण बंद.

आरवली, शिरोड्याकडून येणाऱ्यांनी चारनंतरच या, परतीची एसटी आधी विचारून ठेवा. ब्र सध्या माझ्याकडे आहे, दुसऱ्यांदा नेलीय, शंभरेक पानं राहिलीत. सोमवारी परत करते, कुणाला हवी असेल तर मंगळवारी मागा, नंबर ४२.