जुन्या गाडीचा एसी आणि तापणारं इंजिन : वागळे इस्टेटमधलं हे गॅरेज, पाचपैकी पाच

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी आहे आणि मार्च लागला की गाडी विकायचा विषय घरात निघतो त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय. हे फक्त एसी आणि रेडिएटरचं गॅरेज आहे, वागळे इस्टेटच्या आतल्या बाजूला, बाहेरून बघितलं तर शटर, दोन गाड्यांची जागा आणि आत गॅसचं प्रेशर मोजायचे गेज लटकवलेले, बस. पण काम असं की आता ठाण्यात एसीसाठी मी दुसरीकडे गाडी नेणार नाही.

माझी गाडी 2007 ची होंडा सिटी झेडएक्स, पेट्रोल, एमएच 04 पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत रीतसर री-पासिंग करून घेतलं, 5000 ची फी भरली, पर्यावरण कर भरला, म्हणजे गाडी ठेवायची हे घरात पक्कं ठरलेलं. इंजिन आजही मख्खन आहे, 1497 सीसीचं, आवाज नाही, धूर नाही. त्रास एकच होता आणि तो फक्त उन्हाळ्यात. गाडी पळत असली की एसी झकास, कापूरबावडीला किंवा मानपाड्याला ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की पाच मिनिटांत गरम वारा, आणि त्याच वेळी टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर सरकायला लागायचा. आईला मुलुंडला दवाखान्यात न्यायचं असतं, तिला उकाडा अजिबात सहन होत नाही, काच खाली केली तर घोडबंदरची धूळ आत, त्यामुळे हे माझ्यासाठी चैनीचं काम नव्हतं.

आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकीकडे दर वेळी गॅस भरून द्यायचे, महिनाभर बरं वाटायचं की परत तेच. दुसऱ्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) गेलाय, पंचवीस हजार. कोणाची नावं घेत नाही. मग सोसायटीतल्या एका काकांनी या गॅरेजचा पत्ता दिला, त्यांची जुनी एस्टीम इथेच असते.

मालक साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी पहिलं काय केलं तर मला विचारलं, "पळताना गार आणि उभी असताना गरम, असंच ना?" मी हो म्हटलं. मग गाडी सावलीत न घेता मुद्दाम उन्हात उभी करायला लावली, गाडी चालू, एसी फुल, आणि गेजचे दोन्ही पाइप लावले. निळा गेज कमी प्रेशरचा, लाल जास्त प्रेशरचा. लाल गेजचा काटा हळूहळू चढत तीनशे पीएसआयच्या वर गेला आणि टक् करून कॉम्प्रेसर कट झाला. काका म्हणाले, "आता बघा हां." पोऱ्याने बादलीतनं मग भरून समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या भागावर, पाणी ओतलं, वाफ निघाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल काटा धाडकन खाली आला, एसीच्या जाळीत खोचलेला थर्मामीटरही उतरायला लागला. म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसरही प्रेशर नीट बनवतोय, कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नाहीये एवढंच. पंचवीस हजारांचा प्रश्न एक मग पाण्यात निकालात निघाला.

मला हे इतकं पटलं कारण त्यांनी सगळं दाखवत दाखवत केलं. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणजे एसीची सगळी गरमी आधी तिथे निघते आणि तोच तापलेला वारा मागे रेडिएटरवर जातो. कंडेन्सर चोंदला की एसी पण गेला आणि इंजिन पण तापलं, दोन वेगळे आजार नाहीत ते. त्यात आपल्याकडची हवा दमट. नागपूरला पारा जास्त असतो पण हवा कोरडी, आपल्याकडे एसीला हवा गार करायची आणि तिच्यातलं पाणीही काढायचं, गाडीखाली जे पाणी ठिबकतं ते तेच, आणि त्या पाण्याची गरमीसुद्धा शेवटी कंडेन्सरलाच बाहेर टाकायची असते. त्यामुळे ठाण्यात 35-36 डिग्रीलासुद्धा जुन्या गाडीचा जीव जातो.

पुढचा बंपर खोलला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धुळीचा जाड थर होता, गोधडीसारखा, त्यात पानं, किडे, प्लास्टिकचे तुकडे. घोडबंदर रोडवर मेट्रो 4 चं काम किती वर्षं चाललंय ते इथल्या लोकांना सांगायला नको, ती सगळी धूळ समोरून आत जाते. वरून पाणी मारलं तर पुढची बाजू स्वच्छ दिसते पण ही मधली फट तशीच राहते, म्हणून सर्व्हिसिंगला धुतलेली गाडी पण तापते. त्यांनी रेडिएटर काढून, मागून पुढे, कमी प्रेशरच्या पाण्याने धुतलं. जास्त प्रेशरने मारलं तर ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतात आणि वारा अजूनच अडतो. आधीच्या कोणीतरी वाकवलेल्या पात्या पोऱ्याने बारीक कंगव्याने एकेक सरळ केल्या, तासभर तेच करत बसला होता, मान वर न करता.

मग फॅन. या गाडीला दोन फॅन आहेत, एक रेडिएटरचा, एक कंडेन्सरचा, आणि एसी लावला की दोन्ही फिरले पाहिजेत. माझा कंडेन्सरचा फॅन फिरत होता पण दमानं, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले. लांबून बघणाऱ्याला वाटणार फॅन तर चालू आहे. गाडी पळताना समोरून वारा येतो म्हणून फॅनची गरज पडत नाही, उभी राहिली की सगळी भिस्त त्याच्यावर, म्हणून पळताना गार आणि उभी असताना गरम. एवढं सरळ होतं ते. मोटर बदलली.

रेडिएटर खोललाच होता तर आतलं पाणी पण काढलं, चहाच्या रंगाचं निघालं. पूर्वी कधीतरी कोणीतरी बोअरिंगचं पाणी टाकलेलं असणार, त्याचे क्षार आत नळ्यांना धरतात. फ्लश करून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. रेडिएटरची टोपी बदलली, तिचं रबर कडक झालेलं. टोपीवर 1.1 लिहिलेलं असतं ते प्रेशर. साधं पाणी उघड्यावर 100 डिग्रीला उकळतं, पण निम्मं कूलंट असलं आणि टोपी प्रेशर धरून ठेवत असली तर तेच सव्वाशे डिग्रीपर्यंत उकळत नाही. काही शेंची टोपी आहे, पण ती लूज असली तर बाकी सगळं नवीन करून उपयोग नाही. ज्यांची गाडी तापते त्यांनी आधी टोपी बघा.

मी विचारलं होतं की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू का आणि फॅन डायरेक्ट करू का, कारण हा सल्ला रस्त्यावरचा प्रत्येक जण देतो. काका चक्क रागावले. म्हणाले, "दादा, थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त खातं. आणि फॅन दिवसभर फिरत ठेवला की त्याची मोटर लवकर बसते. दोन्ही करून देणारे ढीग आहेत, मी नाही करत." गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा मेकॅनिक मला फार आवडतो.

गॅसचं पण तेच. "गॅस संपत नसतो, गॅस जातो. पेट्रोल नाहीये ते." दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे. सगळा गॅस मशीनमध्ये काढून घेतला, नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघितलं, एका जॉइंटला साबणाचा बारीक बुडबुडा आला, तिथला ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलला. मग अर्धा तास व्हॅक्युम. हे बाकी ठिकाणी पाच मिनिटांत उरकतात, पण आत हवा आणि ओलावा राहिला तर कूलिंग पडतं आणि पुढे कॉम्प्रेसरची पण वाट लागते. आणि गॅस, आपला आर 134ए, अंदाजाने नाही, बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच वजनकाट्यावर मोजून. थोडा जास्त टाकला तर जास्त गार होईल असं काही नसतं, उलट प्रेशर वाढतं आणि उभ्या गाडीत पहिल्यासारखंच गरम.

कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या मागे हवा गार करणारी) बदलायची का म्हणून विचारलं तर म्हणाले लीक सापडलेली नसताना डॅशबोर्ड खोलायचा नाही, जुन्या गाडीचं प्लास्टिक एकदा खोललं की पहिल्यासारखं बसत नाही, खडखड सुरू होते. ते खरंच आहे. सगळं मिळून बिल नऊ हजारांच्या आत आलं, जुनी मोटर, टोपी, ओ-रिंग पिशवीत घालून हातात दिले.

त्यानंतरचा अख्खा मे काढलाय. दुपारी दोनला कळवा नाक्यावर अडकलोय, ऐरोली पुलावर गाड्यांच्या रांगेत उभा राहिलोय, काटा निम्म्याच्या खाली जिथे असतो तिथून हलला नाही. चार माणसं आणि सामान घेऊन साताऱ्याला गेलो तेव्हा खंबाटकी घाट पूर्ण एसीवर चढला. आई मागच्या सीटवर "एसी जरा कमी कर रे" म्हणाली, मला इतकं बरं वाटलं काय सांगू.

गाडी देताना काकांनी जे सांगितलं ते पण लिहितो, कामाचं आहे. उन्हात उभ्या गाडीत बसल्या बसल्या एसी लावून काचा बंद करू नका, आधी काचा खाली करून थोडं चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ दे, मग काचा लावा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. कधी काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि बाजूला घ्या. हीटर इंजिनचीच गरमी ओढतो, घाम निघेल पण हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) वाचेल. गरम असताना टोपीला हात लावायचा नाही, कूलंटची लेव्हल सकाळी गार गाडीतच बघायची. टायरची हवासुद्धा गार टायरमध्येच बघायची. काचेला काळी फिल्म लावू का म्हणून पुढच्या गाडीवाल्याने विचारलं तर त्याला सरळ सांगितलं की 2012 ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातलीय, त्यापेक्षा पार्किंगमध्ये पुढच्या काचेला आतून चांदीसारखा सनशेड लाव, स्टेअरिंगला हात तरी लावता येईल. माझ्या मते जुन्या गाडीला हा सनशेड पाहिजेच, डॅशबोर्ड उन्हाने तडकतात आणि ते परत मिळत नाहीत.

आता कमी काय आहे ते. बसायला धड जागा नाही, एक बाकडं आणि एक टेबलफॅन, वयस्कर माणसाला घेऊन जाऊ नका. फोन उचलत नाहीत, हात कामात असतात. अर्जंट काम घेतच नाहीत, माझी गाडी सकाळी दिलेली संध्याकाळी उशिरा मिळाली आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही, पण ज्यांना तासाभरात पाहिजे त्यांनी येऊ नये. फॅनची मोटर कंपनीची पाहिजे असेल तर आधी सांगा, मागवायला वेळ लागतो, नाहीतर बाहेरची बसवतात, मला बाहेरचीच बसवली आहे आणि मस्त चाललीय. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलचं सेन्सरचं काम असेल तर ते स्वतःच दुसरीकडे पाठवतात.

एप्रिल-मेमध्ये बाहेर गाड्यांची रांग असते, त्यामुळे फेब्रुवारीतच दाखवून घ्या, तेव्हा निवांत बघतात. सकाळी नऊच्या आत पोचलात तर नंबर लागतो, सोमवारी बंद. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावू नका, समोरच्या कारखान्याचा टेम्पो निघतो, आत शटरपर्यंत आणा, पोऱ्या जागा करून देतो.