एअर बॅगने पासिंग (आरसीवरची भारक्षमता) वाढत नाही: १,२७,५०० रुपये घालवून सांगतोय

पिकअपच्या मागच्या पाट्यांशेजारी (पाटे म्हणजे वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) हवा भरायच्या रबरी एअर बॅगा बसवायच्या (अपघातात उघडतात त्या नव्हेत), ‘आता ट्रेलर ओढा, वर टनभर माल टाका’ म्हणायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद द्यायचा, असा धंदा चालू आहे. माझे त्यात १,२७,५०० रुपये गेले. मला फसवणारा माणूस अजूनही तेच किट विकतोय आणि त्याच्या व्हिडिओखाली लोक ‘रेट सांगा’ म्हणून विचारतायत. म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

माझा जनरेटर आणि लायटिंग भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. जनरेटर ट्रेलरवर, आणि केबल, फोकस, लोखंडी स्टँड पिकअपच्या हौद्यात. ट्रेलरची आरसी वेगळी, पिकअपची वेगळी, दोन्हींचा विमा चालू. ट्रेलर जोडला की गाडी मागून बसायची. पाटे सपाट व्हायचे, हेडलाइट आभाळाकडे बघायचे आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. म्हणजे अडचण खरी होती. हौस म्हणून मी काहीही बसवायला गेलो नव्हतो.

विक्रेत्याने हिशेब सांगितला तो असा: दोन बॅगा आणि ब्रॅकेट ३८,५००, केबिनमधून हवा भरायचा कंप्रेसर ९,२००, फिटिंग ४,०००, आणि ‘क्षमतावाढीचं सर्टिफिकेट व आरटीओत नोंद’ ७,५००. एकूण ५९,२००. त्यातले ३०,००० यूपीआयने घेतले, उरलेले २९,२०० रोख मागितले. पक्कं बिल आरटीओतली नोंद झाली की त्यासोबतच देतो म्हणाला. ते बिल आजपर्यंत आलेलं नाही. रोख रक्कम आणि ‘बिल नंतर’ हे दोन शब्द एका वाक्यात ऐकले की तिथूनच उठा.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही डोकं तापतं. फिटिंग झाल्यावर त्याने ट्रेलर जोडायला लावला, बॅगांत हवा भरली आणि गाडीचा मागचा भाग वर आला. मग खिशातून टेप काढून मागच्या चाकाच्या कमानीची उंची मोजली. आधी किती, आता किती, हे मोठ्याने वाचून दाखवलं. ‘बघा, वजन गेलं ना?’ म्हणाला. टेप फक्त मागे लावला. पुढच्या चाकाला लावलाच नाही. मी विचारलं, समोरच वजनकाटा आहे, एकदा काट्यावर घेऊ का? तर म्हणाला, काट्यावर हे दिसत नाही, हे सस्पेन्शनचं काम आहे. तेव्हा ते मला पटलं, कारण सस्पेन्शन त्याचा विषय होता, माझा नव्हता. पण खरं तर सगळी लबाडी त्या एका उत्तरात होती. काट्यावर फरक दिसत नाही, कारण फरक पडलेलाच नसतो.

बॅग नेमकं काय करते ते नंतर एका जुन्या पाटेवाल्याने मला समजावलं. एअर बॅग चेसिस आणि मागचं हाऊसिंग (मागच्या अॅक्सलचं, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचं, लोखंडी कवच) यांच्यामध्ये बसते आणि पाट्याला हातभार लावते. गाडी वर उचलली जाते, डोलणं कमी होतं. एवढंच तिचं काम, आणि ते काम ती चांगलं करते. पण वजन टायरवर तेवढंच येतं, बेअरिंगवर तेवढंच, ब्रेकवरही तेवढंच. गाडीची क्षमता हाऊसिंग, रिम, टायर, ब्रेक, चेसिस यांतला जो भाग सगळ्यात कमजोर असेल त्याच्यावर ठरते. नुसता पाटा बळकट करून बाकीचं काहीच बळकट होत नाही. नामांकित कंपन्या तर आपल्या पुस्तिकेतच छापतात की हे किट लावलं तरी गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं एकूण वजन ओलांडू नका. माझ्या किटसोबत पुस्तिकाच नव्हती. खोक्यात पुस्तिका नसेल तर ते किट घेऊ नका.

ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. ट्रेलरचं जे वजन हुकवर येतं, ते मागच्या चाकांच्याही मागे येतं. साधारण ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर असावा लागतो, त्याहून कमी झाला तर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. समजा हुकवर २०० किलो आले, हुक मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागे आहे आणि दोन अॅक्सलमधलं अंतर ३ मीटर. तर मागच्या अॅक्सलवर २०० नाही, २८० किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरचे ८० किलो उचलले जातात. स्टेअरिंग हलकं लागतं ते यामुळे. ब्रेक मारताना पुढच्या चाकांची पकड कमी पडते तीही यामुळे. बॅगेत कितीही हवा भरा, ते ८० किलो पुढे परत जात नाहीत. गाडी सरळ दिसते, पण पुढून हलकीच राहते. पुढे वजन परत पाठवायचं काम वजन वाटून देणारा हुक करतो, त्याच्या दांड्या ताणून बसवाव्या लागतात, आणि तो बसवताना बॅगा जवळजवळ रिकाम्या ठेवून आधी हुक लावायचा, मग उंचीपुरती हवा भरायची. माझा विक्रेता या हुकाबद्दल एक शब्दही बोलला नाही. तो त्याच्याकडे विकायला नव्हता.

म्हणून सांगतो, टेप घेऊन उभा राहिलेला माणूस दिसला की त्याला पुढच्या चाकाची उंची मोजायला लावा. ट्रेलर न जोडता आणि जोडून, दोन्ही वेळा. आणि काट्यावर पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, अशी पावती घ्या.

फिटिंगमध्ये काय काय केलं होतं तेही लिहितो, कारण तुमच्या गाडीखाली वाकून तुम्ही हे पाच मिनिटांत बघू शकता. हाऊसिंग चेसिसला आपटू नये म्हणून जो रबरी ठोकळा असतो, तो काढून त्या जागी बॅग बसवली होती. अशा वेळी बॅगेत थोडी तरी हवा कायम ठेवावी लागते, बऱ्याच किटमध्ये कमीत कमी ५ पीएसआय आणि जास्तीत जास्त १०० पीएसआय अशी मर्यादा असते. मला सांगितलं होतं, गाडी रिकामी असताना पूर्ण हवा सोडून द्या. दोन्ही बॅगा एकाच नळीने टी लावून जोडल्या होत्या. वळणावर बाहेरच्या बाजूची बॅग दाबली गेली की तिची हवा आतल्या बाजूच्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. दोन्ही बाजूंना वेगळी नळी, वेगळा गेज हवा. नळी सायलेन्सरपासून चार बोटांवर, मध्ये उष्णता अडवणारा पत्रा नाही. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे ब्रॅकेट चेसिसला वेल्डिंग करून टाकले होते. चांगल्या किटचे ब्रॅकेट बोल्टने नाहीतर क्लॅम्पने बसतात. चेसिसवर वेल्डिंगची काडी टेकवू द्यायची नाही, कुणालाही, कधीही.

त्या लॅमिनेटवर लिहिलं होतं: ‘वाहनाची भारक्षमता १,००० किलोने वाढविण्यात आली आहे.’ खाली शिक्का, सही, अनुक्रमांक. मी तेवढाच माल वाढवला, एक किलोही जास्त नाही. तपासणीत गाडी काट्यावर घेतली, एक टन जास्त निघाला. मी कागद पुढे केला. अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून परत दिला आणि म्हणाला, आरसीवर जे लिहिलंय तेच वजन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि जादा टनामागे २,०००, असे २२,००० भरले. वर माल उतरवल्याशिवाय गाडी हलू दिली नाही.

त्यानंतर मी जादा माल बंद केला. तरी सायलेन्सरजवळची नळी वितळून दोन्ही बॅगा एकदमच बसल्या. ट्रेलरसकट वळणावर होतो. गाडी सावरली, जीव वाचला. हाऊसिंग आपटून ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी चेसिसला चीर गेली होती. चेसिस आणि पाट्यांचं काम ४६,३०० रुपयांत झालं.

लोक म्हणतात, एवढं कसं कळलं नाही? ज्याला शिक्का मारलेला कागद मिळतो, तो त्या कागदावर विश्वास ठेवणारच. मी काही फुकटात क्षमता मागत नव्हतो, नोंदणीचे वेगळे ७,५०० मोजले होते. नियमात राहायचं म्हणून मोजले होते.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. विक्रेत्याचा फोन बंद, दुकानावर दुसरी पाटी. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा’. मी म्हटलं, खोटा सरकारी वाटणारा कागद बनवून पैसे घेतले, ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे ना? तर म्हणाले, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला, बसवलीय ना गाडीला. साधा अर्ज घेऊन पोच दिली, तीही मागे लागल्यावर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, कारण ३०,००० यूपीआयने गेले होते. तिथेही तेच उत्तर, माल मिळालाय, हा सायबर गुन्हा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि काही दिवसांनी ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून ती बंद झाली. प्रतिसाद नाही म्हणूनच तर मी तक्रार केली होती!

आरटीओ कार्यालयात तर हद्द झाली. त्या कागदावरचा अनुक्रमांक तिथल्या कुठल्याच नोंदीत नाही, हे त्यांनी तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर नाही. उलट मलाच ऐकवलं की कलम ५२ प्रमाणे असे बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाहीत आणि कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला! ज्याने खोटा शिक्का मारला त्याचं काय, असं विचारलं तर ‘ते पोलिसांचं काम’. पोलीस म्हणतात ग्राहक मंच, हेल्पलाइन म्हणते विक्रेता बोलत नाही, आरटीओ म्हणतं पोलीस. विमा सर्वेअरने वेल्डिंगचा एक फोटो काढून ‘अनधिकृत बदल’ लिहिलं आणि कंपनीने दावा फेटाळला. या सगळ्यांत मिळून एकाही माणसाने त्या विक्रेत्याच्या दारात पाय ठेवलेला नाही. माझ्या दारात मात्र दंडाची पावती वेळेवर आली.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. समोरच्याच्या वकिलाने पहिलाच आक्षेप घेतला की पिकअप धंद्यासाठी आहे, म्हणून मी ग्राहकच नाही. हा आक्षेप तुमच्यावरही येणार. २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. तक्रारीतच हे लिहून टाका: गाडी मी स्वतः चालवतो, घर यावरच चालतं. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने. मला फक्त तारखा मिळतायत.

यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हिडिओची प्रत आणि त्याचे ‘नोंद होते आहे’ असे व्हॉट्सअॅप मेसेज एवढाच माझा पुरावा आहे. २९,२०० रोखीचा कागद नाही, त्यामुळे ती रक्कम बुडाल्यातच जमा. गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी पाटेवाल्याने सगळ्याचे फोटो काढायला लावले म्हणून वेल्डिंगचे, टी जोडाचे आणि वितळलेल्या नळीचे फोटो तरी हातात आहेत.

तुमच्याकडेही असा क्षमतावाढीचा लॅमिनेट कागद असेल तर आजच जादा माल उतरवा आणि आरसीवरच्या वजनावर या. बॅगा उपटून फेकू नका, आधी नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढा, काट्याची पावती जोडा, काढलेले भाग जपून ठेवा. त्या अनुक्रमांकाबद्दल आरटीओला माहितीच्या अधिकारात विचारा, म्हणजे तोंडी उत्तर देऊन त्यांना सुटता येणार नाही. मीही तोच अर्ज टाकलाय. आणि ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांचीच मुदत असते, विक्रेता ‘नोंद होते आहे’ म्हणत ती खाऊन टाकतो.