'पंधरा दिवसांत टाकी जांभळी': २२ हजारांच्या पॅकेजमध्ये काय निघालं

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात नवी समुद्री टाकी लागली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर २५० लिटर, खडक-वाळू वजा जाता पाणी २०० लिटरच्या आसपास. जुन्या रीफ टाक्यांत (प्रवाळ ठेवतात त्या समुद्री टाक्यांत) खडकांवर जांभळा-गुलाबी कडक थर चढलेला असतो, तसा कोरलाइन शेवाळाचा थर मालकाला हवा होता. फोनवर गाठ पडलेला विक्रेता म्हणाला, "भाऊ, पंधरा दिवसांत टाकी जांभळी नाही झाली तं पैसे वापस." यूपीआयनं २२,००० रुपये गेले आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून माल आला: २५ किलो 'लाइव्ह रॉक' (जिवाणू-शेवाळ वस्तीला असलेला प्रवाळाचा सच्छिद्र खडक), अर्धा लिटर 'कोरलाइन कल्चर', सुट्या पिशवीत १० किलो मीठ, दोन किलो 'कॅल्शिअम बूस्टर' आणि एक जांभळा एलईडी. पक्कं बिल नाही. पुढे त्याचा फोनही लागेनासा झाला.

आपल्याकडे हे सहज खपतं, कारण समुद्री टाकीचं दुकान गावात काय, तालुक्यालाही नसतं. माल हातात घेऊन बघायची सोयच नाही. म्हणून या पॅकेजमधली एकेक वस्तू घरच्या घरी कशी तपासायची, ते इथे लिहिलं आहे.

आधी मूळ गोष्ट. कोरलाइन हे लाल शेवाळाच्या कुळातलं. ते पाण्यातलं कॅल्शिअम, कार्बोनेट आणि थोडं मॅग्नेशिअम उचलून स्वतःच्या पेशींच्या भिंतीत चुनखडी साठवतं, म्हणून ते बुळबुळीत नसतं, टणक असतं. ते आपोआप उगवत नाही, बियाणं लागतं: कोरलाइन चढलेला खडकाचा तुकडा, फ्रॅग प्लग (प्रवाळाचा तुकडा चिकटवायची छोटी बैठक), नाहीतर गोगलगाईचा शंख. बियाणं टाकल्यावर पहिले ठिपके दिसायला साधारण एक ते तीन महिने जातात, आणि खडक झाकायला सहा महिने ते वर्ष. नव्या टाकीत पंधरा दिवसांत अमोनियाचं चक्रसुद्धा (जिवाणू जमून अमोनिया पचवू लागणं) धड पुरं होत नाही. 'पंधरा दिवस' हा शब्द ऐकला की तिथेच फोन ठेवायला हरकत नाही.

आता खडक. दोन दिवस डिकीत, कोरड्या गोणीत, उन्हाळ्याच्या झळांत आलेला खडक उघडल्यावर लखलखीत जांभळा होता. नेमकं हेच संशयाचं कारण. खरं कोरलाइन असं वाळलं की मरतं आणि फिकट, पांढुरकं पडतं. खरा लाइव्ह रॉक ओल्या कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये बंद करून, थर्माकोलच्या डब्यात येतो आणि त्याला समुद्राचा वास असतो. डबा उशिरा पोचला तर सडका वास येतो. पण वासच नाही आणि रंग मात्र शाबूत, असं होत नाही.

तपासायला तीन वस्तू पुरतात. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. बोळ्यावर जांभळा रंग उतरला तर तो डबीतला रंग. दुसऱ्या कोपऱ्यावर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब टाका; खरं कोरलाइन काही मिनिटांत पांढरं पडतं, पेंट बहुधा तसाच राहतो. मग सुरीच्या टोकानं खरवडा. कोरलाइनच्या टणक कपच्या निघतात आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकल्यावर त्यांतून बुडबुडे येतात. पेंटची साल निघते आणि ती तशीच पडून राहते. व्हिनेगर मात्र कपचीवरच वापरा, खडकावर नको. खाली चुनखडीचा दगड असेल तर रंगाच्या आडून तोच फसफसेल आणि निष्कर्ष चुकेल.

या मालात तसंच होतं. आत घट्ट, जड, भोकं नसलेला चुनखडीचा दगड होता, वणी-कोरपना भागात सिमेंटसाठी काढतात त्या जातीचा. चुनखडी टाकीत विषारी नसते, पण पाणी शुद्ध करणारे जिवाणू राहतात ते सच्छिद्र खडकात, आणि असल्या दगडात त्यांना जागाच नसते. रंगवलेला खडक विकणं ही फसवणूक नव्हे. कोरडा, रंगीत खडक तसं स्पष्ट सांगून विकणारेही आहेत. कोरड्याला जिवंत म्हणून जिवंताचा भाव लावला, ती फसवणूक.

आणि समजा कोणी खरोखर रामेश्वरमच्या समुद्रातला खडक देतो म्हणाला, तर तो घेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. 'बिल मागू नका, माल आतला आहे' हे वाक्य विक्रेत्याच्या दुहेरी सोयीचं असतं: भाव चढवता येतो आणि गिऱ्हाईक तक्रार करायला धजत नाही.

'कल्चर'ची बाटली म्हणजे पारदर्शक गुलाबी पाणी. कोरलाइनचा रंग पेशीच्या आत असतो. त्यातलं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे पाणीच गुलाबी झालं असेल तर चांगल्यात चांगला अर्थ असा की पेशी फुटून मेल्या. वाईटातला अर्थ, खाण्याचा रंग. चांगल्या बाटलीत पाणी जवळजवळ बिनरंगी असतं आणि तळाशी जांभळ्या कपच्यांचा गाळ असतो. पांढऱ्या ताटलीत ओतून भिंगानं बघा, गाळाच्या एका कणावर व्हिनेगर सोडा. शिवाय असं कल्चर थंड ठेवून थोड्या दिवसांत वापरायचं असतं. मे महिन्यात अकोल्याच्या बसस्टँडवर दिवसभर पडलेल्या पार्सलात काय जिवंत राहणार?

मिठाचा आणि पाण्याचा मामला जास्त खोल आहे. दर्यापूर हा खारपाणपट्ट्याचा भाग. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत बोअरचं पाणीच खारट. विक्रेत्यानं त्याचाच फायदा घेतला: "तुमचं पाणी तं आधीच खारं, मीठ अर्धंच टाका." पैसे वाचतात म्हटल्यावर कोणालाही पटावं. पण खारट पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशिअम ठरलेल्या प्रमाणात असतं. बोअरच्या खारेपणात ते प्रमाण नसतं, वर शेतातून झिरपलेलं नायट्रेट येतं. हायड्रोमीटर फक्त घनता सांगतो, खारेपणा कशाचा आहे ते सांगत नाही. १.०२५ आकडा आला म्हणून निर्धास्त झालात की संपलं.

गावातल्या वीस लिटर कॅनचं आरओ पाणीही तपासूनच घ्या. चवीसाठी त्यात बरेचदा कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळलेली असतात. टाकीसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षारही काढणारी) नळी हवी आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य.

मीठ असं तपासा. शून्य टीडीएसच्या एक लिटर पाण्यात ३८ ग्रॅम मीठ टाका, पंप किंवा एअरस्टोननं काही तास ढवळू द्या. २५ अंशांना घनता १.०२५-१.०२६ च्या जवळ यायला हवी. मग टेस्ट किटनं मोजा: कॅल्शिअम ४०० च्या पुढे, मॅग्नेशिअम १,२५० ते १,४००, केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ७ ते ११. या पिशवीतल्या मिठाची घनता बरोबर आली, कॅल्शिअम जवळजवळ शून्य. खडा मीठ दळून भरलेलं. समुद्री मीठ कंपनीच्या बंद बादलीतच घ्या, ज्यावर बॅच नंबर आहे. सुट्या पिशवीतलं 'तेच मीठ, स्वस्तात' कधीच नको. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं साधन) असेल तर तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३६.५ ग्रॅम शुद्ध, आयोडीन नसलेलं मीठ ९६३.५ ग्रॅम डीआय पाण्यात विरघळवा. त्या द्रावणावर तो ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दाखवायला हवा.

सगळ्यात डोकेबाज लबाडी 'कॅल्शिअम बूस्टर'मध्ये होती. मात्रा सांगितली होती 'रोज दोन चमचे'. पावडर निघाली कृषी केंद्रात मिळणारं कॅल्शिअम नायट्रेट. हिशेब करून बघा. २०० लिटर पाण्यात कॅल्शिअम ३८० वरून ४२० पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) न्यायला ८ ग्रॅम कॅल्शिअम लागतं. ते योग्य पावडरीतून, म्हणजे कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेटमधून, साधारण २९ ग्रॅममध्ये मिळतं. तेवढंच कॅल्शिअम या खतातून घ्यायचं तर ४२-४३ ग्रॅम टाकावं लागतं आणि सोबत पाण्यात सुमारे १३५ पीपीएम नायट्रेट आणि २ पीपीएमच्या वर अमोनियाचं नायट्रोजन जातं. माशाचा जीव घ्यायला एवढा अमोनिया पुरेसा आहे.

पण टाकीत मासे नव्हते, आणि आठवडाभरात खडकांवर, वाळूवर लालसर-जांभळा पापुद्रा पसरला. व्हिडिओ कॉलवर विक्रेता म्हणाला, "पाहा, आला ना रंग!" तो कोरलाइन नव्हता, सायनोबॅक्टेरिया (बुळबुळीत थर धरणारे जिवाणू) होता. नव्या टाकीत खत पडलं की तो फोफावणारच. ओळख सोपी आहे: पिचकारीनं पाण्याचा झोत मारला की सायनो चिंध्यांसारखा उचलला जातो, त्यात बुडबुडे अडकलेले असतात, बोटाला चिकटतो. कोरलाइन नखानं सहजी निघत नाही.

पावडर ओळखायला काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेऊन दोन चमचे टाका. कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेटनं पेला गरम होतो. थंड पडला तर सरळ नायट्रेट किटनं ते पाणी तपासा, पण शंभरपट पातळ करून, नाहीतर किटचा रंग टोकाला जाऊन काहीच कळणार नाही.

मुळात नव्या टाकीला बूस्टर विकणं हीच अर्धी फसवणूक. कॅल्शिअम आणि केएच वापरणारं टाकीत अजून काही वाढलेलंच नसतं. आठवड्याला १० टक्के पाणी चांगल्या मिठाच्या पाण्यानं बदललं तरी पुरतं. उगाच ओतत राहिलात तर चुनखडी हीटरवर आणि पंपाच्या पात्यावर पांढरी जमते आणि केएच उलट घसरतो. केएच २.८ नं उतरला तर कॅल्शिअम साधारण २० पीपीएमनं उतरतं, हे प्रमाण लक्षात ठेवा. केएच आठवडाभर जागचा हललाच नाही तर डोस कशाला?

जांभळ्या एलईडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्याखाली पांढरी वाळूही जांभळी दिसते. साध्या पांढऱ्या टॉर्चनं बघा. कोरलाइनला मध्यम उजेड मानवतो, प्रखर दिव्यानं ते पांढरं पडतं.

खरं बियाणं मिळवायचं असेल तर जुनी टाकी असलेल्याकडून कोरलाइन चढलेला एखादा प्लग किंवा शंख मागा. बहुतेक जण काचेवरचं खरवडलेलं फुकट देतात. टाकीतलंच पाणी वाटीत घेऊन जुन्या प्लास्टिक कार्डानं कपच्या बारीक खरवडा, पंपाच्या झोतासमोर सोडा, तेवढे दोन-तीन तास स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद आणि फिल्टरची गाळायची पिशवी काढून ठेवा. मग केएच ८-९, कॅल्शिअम ४२० च्या आसपास, मॅग्नेशिअम १,३०० आणि फॉस्फेट ०.१ च्या खाली सांभाळा. फॉस्फेट चढलं की चुनखडी धरायचं काम मंदावतं. काचेवर हिरवं साचू नये म्हणून ट्रोकस किंवा टर्बो गोगलगाई चालतील, समुद्री साळू नको, तो कोरलाइनच खरवडून खातो. पहिले ठिपके मोहरीएवढे असतात आणि बहुधा पंपाच्या आवरणावर किंवा मागच्या काचेवर दिसतात, खडकावर नाही.

तापमान २४ ते २६ अंश. विदर्भात खरी परीक्षा हीच आहे. कोरड्या मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्यानं उडतं. भर घालायची ती साध्या डीआय पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही, कारण मीठ उडत नाही. ३० च्या वर पाणी दिवसेंदिवस राहिलं तर कोरलाइन पांढरं पडू लागतं, तिथे चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) इलाज नाही.

पैसे गेलेच असतील तर रागानं खडक उकिरड्यावर फेकू नका. एक खडक, बाटलीतलं उरलेलं पाणी आणि पावडरीची पुडी तारीख लिहून बाजूला ठेवा, विक्रेत्याशी झालेलं चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपा. फसवणूक ऑनलाइन पैशाची असेल तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुमच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेता मुंबईचा असो की चेन्नईचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.